‘ट्रॅफिक नसलेला रूट सांग ना!’

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या सायकलवाल्या ग्रुपवर हा मेसेज ठरलेला. "या वीकेंडला डोंगरातला मस्त रूट सांगा. पण ट्रॅफिक नको." मग ताम्हिणी, वरंधा, मुळशी, पानशेत अशी नावं पडतात आणि प्रत्येक नावावर कोणीतरी नाक मुरडतं. ताम्हिणीला शनिवारी गाड्यांची रांग असते. पानशेतला रिसॉर्टवाली गर्दी. शेवटी कोणीतरी स्पितीचा नाहीतर लडाखचा फोटो टाकतो, बाकीचे उसासे टाकतात आणि चर्चा संपते.

तर मंडळी, आज या मेसेजशी भांडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. डोंगरातला वाहनमुक्त रस्ता ही काही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही. असा रस्ता कुठेही असला तरी तो कोणाच्या तरी निर्णयामुळे तसा असतो, आणि तो निर्णय कोणी घेतला नाही की चार-पाच वर्षांत हातचा जातो. आपली शहरातली सायकलवाली जमात मात्र रूट विचारण्यापलीकडे कधी जात नाही. रूट मिळाला, वापरला, गर्दी झाली, पुढचा रूट. टेकडीवरची माती नेऊन टेकडी शोधत हिंडणाऱ्यासारखं आहे हे.

आधी एक साधा हिशोब. दहा जण, पाच गाड्या, प्रत्येक गाडीच्या मागे रॅकवर दोन सायकली. पुण्यातून साठ किलोमीटर जायचं, तिथे उतरून चाळीस किलोमीटर सायकल चालवायची, मिसळ खायची, साठ किलोमीटर परत यायचं. सायकलचे किलोमीटर झाले चारशे. मोटारीचे झाले सहाशे. म्हणजे ट्रॅफिक नसलेल्या रस्त्यावर जाण्यासाठी आपण सायकलिंगपेक्षा दीडपट ट्रॅफिक तयार केलं, आणि तेही नेमकं त्याच घाटात. वर स्टेटस: "फार ट्रॅफिक होता यार." अहो, तो ट्रॅफिक कोण होता?

आता म्हणाल, मग काय घरी बसायचं? नाही. जरा नकाशा पूर्वेला सरकवा.

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई. जिल्हा जालना, तालुका भोकरदन. (कंपनीत गाव सांगितलं की समोरचा विचारतो, "ते कांद्याचं का?" नाही हो, ते पिंपळगाव बसवंत, नाशिककडचं. आमचं मिरचीचं.) रेणुकादेवीचं गाव आणि हिरव्या मिरचीची मोठी बाजारपेठ, ही आमची ओळख. या भागाला कोणी डोंगराळ म्हणत नाही, कारण डोंगर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सह्याद्रीचे उभे कडे येतात. पण गावाच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे. अलीकडे गोदावरीचं खोरं, पलीकडे तापीचं, मधे ही रांग. गंमत म्हणजे आमच्या बाजूने हा डोंगर चढल्यासारखा वाटतच नाही. पठार हळूहळू वर जातं, काळ्या दगडाच्या टेकड्या आणि ओढ्यांच्या घळी लागतात, रस्ता सारखा वरखाली होतो, आणि एका ठिकाणी जमीन अचानक संपते. खाली खानदेश. ज्यांनी अजिंठा गावाकडून फर्दापूरचा घाट उतरलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

या पट्ट्यात पारध आहे, वालसावंगी आहे, शेलूदला धामणा धरण आहे, महानुभावांचं जाळीचा देव आहे, अन्व्याचं जुनं कोरीव दगडी मंदिर आहे. पुढे बुलढाण्याची घाटमाथ्यावरची गावं, त्याच्या पुढे ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरचा एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ २०१९ मधे निघाला आणि तेलंगणा-महाराष्ट्र फिरत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालून शेवटी या ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. आपल्याकडचा खरा टूरर तो. त्याने कोणाला रूट विचारला नव्हता.

तर या गावागावांना जोडणारे जे छोटे रस्ते आहेत, ते आपल्या देशातले जवळजवळ वाहनमुक्त रस्ते आहेत. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. १९४३ च्या नागपूर योजनेपासून आपल्याकडे रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात शेवटी ग्राम मार्ग. यातले शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे. डिसेंबर २००० मधे पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि यातल्या कितीतरी रस्त्यांवर पहिल्यांदा डांबर पडलं. या योजनेत डांबरी पट्ट्याची रुंदी ठरलेली आहे, ३.७५ मीटर. आणि जिथे दिवसाला शंभरापेक्षा कमी मोटारवाहनं जातात तिथे ३ मीटरसुद्धा चालते. पुन्हा वाचा. दिवसाला शंभरापेक्षा कमी. बारा तासांत वाटलं तर साधारण सात मिनिटांना एक गाडी, आणि तीही बहुतेक वेळा मोटारसायकल. ज्यासाठी लोक लाख-लाख रुपये खर्चून परदेशात जातात, ती गोष्ट आपल्या सरकारी नियमपुस्तकात रुंदीच्या कलमात लिहून ठेवलेली आहे, आणि तिच्याकडे ‘अजून रुंद न झालेला रस्ता’ म्हणून बघितलं जातं!

३.७५ मीटरचा आणखी एक फायदा सायकलवाल्यालाच कळतो. समोरून दोन गाड्या आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. त्यामुळे कोणी सुसाट जात नाही. स्पीडब्रेकर नाही, पाटी नाही, पोलीस नाही, रस्त्याची रुंदीच वेग ठरवते. आमच्या भाषेत सांगायचं तर वेगमर्यादा हार्डवेअरमधेच बसवलेली आहे.

आणि हे रस्ते काही मोटारींसाठी जन्मलेले नाहीत. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून उज्जयिनीकडे जाणारी व्यापाराची वाट या बाजूने होती. लोक दोन हजार वर्षं या डोंगरातून पायी आणि बैलांवर ये-जा करत होते.

दुसरी गोष्ट माझी आवडती. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई. जालना जिल्ह्यातलंच गाव. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीच्या पलीकडे, आणि आर्थर वेलस्ली (हाच पुढचा वॉटर्लूवाला वेलिंग्टन) अलीकडे. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास नदीला उतार नाही. त्याने बघितलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर होती, एक पिंपळगाव, एक वरुड. (हे पिंपळगाव आमचं नव्हे. मराठवाड्यात पिंपळगावं पैशाला पासरी.) त्याने ताडलं की इतकी जवळ दोन गावं असतील तर माणसं एकमेकांकडे जात असणारच, म्हणजे मधे उतार असणारच. आणि होता. त्या उतारावरून त्याने फौज पार नेली आणि लढाई जिंकली. लढाई आपण हरलो याचं वाईट वाटतं ते वेगळं, पण सायकलवाल्याने पाठ करावं असं हे वाक्य आहे: दोन गावं शेजारी असतील तर मधे वाट असतेच. अ‍ॅपमधे दिसो न दिसो. आमच्या भागात मी असाच फिरतो. समोरच्या टेकडीवर देवळाचा कळस दिसला की तिकडे जायला पाणंद असते, चारचाकी गाडी जात नाही अशी, आणि शेतातला कोणीतरी हात करून सांगतो, "तिकडून नका जाऊ, गारा आहे. या बांधानं जा."

इथपर्यंत वाचून काही जणांनी बॅग भरायला घेतली असेल. थांबा, कारण भांडण आता सुरू होतंय.

हे रस्ते आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. कारणं दोन.

पहिलं कारण वाळू. पूर्णा, केळणा या आमच्या नद्या. बांधकामाला वाळू लागते आणि ती नदीतून येते. वाळूचा हायवा ज्यांनी खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर बघितला नाही त्यांना त्याची कल्पना यायची नाही. भरलेला हायवा म्हणजे दहा-बारा चाकांवर चालणारं घर. मुख्य रस्त्यावर महसूलचं पथक उभं असण्याची शक्यता, म्हणून चोरटी वाळू आतल्या रस्त्यांनी जाते. जो रस्ता दिवसाला शंभर मोटारसायकली धरून बांधला, तिथे भरधाव हायवा. रस्त्याची कड तुटते, साइडपट्टी खचते, आणि ३.७५ मीटरचा जो फायदा मी वर सांगितला तो उलटा होतो, कारण हायवावाला साइडपट्टीवर उतरत नाही. उतरायचं तुम्ही.

दुसरं कारण आपल्याच धंद्यातलं आहे. छत्रपती संभाजीनगर ते जळगाव हा अजिंठ्यावरून जाणारा महामार्ग रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं खोदलेला होता. अशा वेळी गाड्यांनी काय केलं? मोबाईलने सांगितलं त्या आतल्या रस्त्याने गेल्या. मोबाईलच्या पोटात जे गणित आहे त्याचं मूळ एका डच माणसाचं, डायक्स्ट्राचं, १९५९ साली छापून आलेलं. दोन बिंदूंमधला सगळ्यात स्वस्त मार्ग काढायचा. कॉलेजात आपण सगळ्यांनी ते परीक्षेपुरतं घोटलंय. पण ‘स्वस्त’ म्हणजे काय हे डायक्स्ट्राने ठरवलेलं नाही. ते तुम्ही ठरवायचं असतं. आज तिथे फक्त गाडीतल्या माणसाची मिनिटं मोजली जातात. या रस्त्याने सकाळी दहाला पोरी शाळेत जातात, ही किंमत गणितात कुठेच नाही. बग नाहीये तो. रिक्वायरमेंटमधेच कोणी लिहिलं नव्हतं.

आता पोरींबद्दल. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतले १२५ मागास तालुके येतात. त्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार होते, २०२२ मधे पाच हजार झाले. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्यापेक्षा लांब असेल तर मानव विकासची निळी एसटी. सरकारी योजनांना नावं ठेवणं हा आपला आवडता खेळ, पण ही योजना चांगली आहे. आमच्याकडे सकाळी ज्या सायकली दिसतात त्या पोरींच्याच. मोठ्या माणसांनी केव्हाच सायकल सोडली.

माझी एक चुलत बहीण, वस्तीवरून गावातल्या शाळेत यायची. चारेक किलोमीटर. तिला सायकल मिळाली तेव्हा तिने ती पहिला महिनाभर रोज पुसली. गेल्या उन्हाळ्याआधी एका वळणावर मागून हायवा आला, तिने सायकल टाकून दिली आणि शेतात उडी मारली. लागलं काही नाही. सायकलचं पुढचं चाक गेलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "दादा, आम्ही सगळ्याजणी असंच करतो. हायवा आला की सायकल सोडायची आन् पळायचं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात छत्री धरतात तसं. काकांना मात्र ते सहन झालं नाही. चाक त्यांनी बदलून आणलं, पण सायकल पडवीत उभी केली. "शाळा बुडली तर बुडंल, पण पोरगी राहिली पाहिजे," असं म्हणाले, आणि त्यांना मी काय उत्तर देणार होतो? आता ती ओळखीच्या कोणाच्या मोटारसायकलवर जाते, ज्या दिवशी कोणी जाणारं असेल त्या दिवशी. नसेल तेव्हा घरी. दहावीचं वर्ष आहे.

म्हणजे सरकारने पाच हजारांची सायकल दिली आणि ती चालवायचा चार किलोमीटरचा रस्ता वाळूवाल्याला दिला.

ज्याला आपण ‘ट्रॅफिक-फ्री टूरिंग’ म्हणतो ती आपली रविवारची मौज. तिच्यासाठी ते शाळेत जाणं आहे. पण रस्ता एकच आहे. म्हणून मला रूट विचारणाऱ्यांचा राग येतो. तुम्हाला जो रिकामा रस्ता हवाय तो तिलाही हवाय, आणि तुमच्यापेक्षा जास्त हवाय. फरक इतकाच की तुमचा ईमेल कोणीतरी वाचतं.

"असं रस्ते बंद करता येतात होय?" हा पुढचा प्रश्न. येतात. आपल्याच डोंगरात येतात.

अजिंठा लेणी बघायला गेलात तर तुमची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते. पुढचे चार किलोमीटर एसटीची बस. लेण्यांना धुराचा आणि गर्दीचा त्रास नको म्हणून. कोणी उपोषणाला बसलं नाही, पर्यटनही बुडालं नाही. याच रांगेत पश्चिमेला कन्नडचा औट्रम घाट. तिथे तासन् तास कोंडी व्हायची. २०२३ मधे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने त्या घाटातून जड वाहनांना बंदी झाली. चक्क राष्ट्रीय महामार्गावर! माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि तिथे खाजगी मोटारी आजही दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. आणि ताजं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातले घाटरस्ते नव्याने डांबरी झाले आणि शर्यतीच्या वेळी वाहनांना बंद ठेवले. मला शर्यतीचा आनंदच आहे. पण मग परदेशी सायकलपटूंसाठी जे काही तास जमतं, ते दहावीतल्या पोरींसाठी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास का जमत नाही, याचं उत्तर कोणीतरी द्यावं.

कायदाही नवा करायला नको. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप बघून एखाद्या रस्त्यावर ठराविक प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालायचा अधिकार राज्य सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. महिन्याभरापुरता निर्बंध असेल तर राजपत्रात छापायचीसुद्धा गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की पुरे. पालखीच्या वेळी, गणपतीत, जत्रेत आपण जे ‘वाहतुकीत बदल’ वाचतो ते असेच आदेश असतात.

परदेशातलं बघायचं असेल तर नॉर्वेत रालारवेगन नावाचा रस्ता आहे. बर्गनची रेल्वे बांधताना मजुरांसाठी आणि सामानासाठी डोंगरात केलेला. रेल्वे १९०९ मधे पुरी झाली, रस्त्याचं काम संपलं. १९७४ मधे तो सायकलींसाठी खुला केला. ऐंशीएक किलोमीटर, बहुतेक भागात मोटारी नाहीत, आणि सायकलवाले तिथे रेल्वेने येतात. इटलीतला स्टेल्वियो घाट २,७५७ मीटर उंच. वर्षातून एक दिवस तो मोटारींना बंद असतो आणि हजारो सायकलवाले चढतात. पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते ब्रिटनचं उदाहरण. तिथे सस्ट्रान्स या संस्थेने १९९५ पासून देशभर सायकल मार्गांचं जाळं उभारलं. त्यातला बराच भाग म्हणजे गावातल्या साध्या रस्त्यांवर लावलेल्या पाट्या होत्या. रस्त्यांवर गाड्या वाढल्या, पाट्या तशाच राहिल्या. २०२० मधे संस्थेने स्वतःच जवळजवळ पाव जाळं यादीतून कमी केलं किंवा त्याचा दर्जा उतरवला, कारण ते मार्ग आता सुरक्षित म्हणवत नव्हते. म्हणजे नुसता रूट जाहीर करून काही होत नाही. उद्या मी ‘अजिंठा रांग सायकल सर्किट’ असा नकाशा काढून वाटला तर दोन वर्षांनी तोही असाच मरेल. आधी हायवा थांबला पाहिजे.

आता आक्षेप. आमच्या पारावर आणि ऑफिसच्या कॅन्टीनमधे, दोन्हीकडे ऐकलेले.

एक: "मिरचीच्या गाड्या कशा जाणार?" रास्त प्रश्न आहे आणि तो आधी सुटला पाहिजे. हंगामात आमच्या बाजारात पिकअप, टेम्पो, ट्रक येणारच. त्यावर गाव चालतं. म्हणून मी रस्ता बंद करा म्हणत नाहीये. मागणी एवढीच: ग्राम मार्गांवर, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, जड वाहनांना बंदी. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालेल, पिकअप चालेल, एसटी तर चाललीच पाहिजे. कोणी सुचवतं की रस्त्यावर लोखंडी कमान लावा, हायवा आपोआप अडकेल. नको. त्यात एसटी आणि कडब्याची ट्रॉलीही अडकते. वेळेचं बंधन हेच बरं.

दोन: "रस्ता रुंद करा आणि बाजूला सायकल ट्रॅक द्या." हा शहरी इंजिनिअरांचा लाडका उपाय. पुण्यात सायकल ट्रॅकवर काय काय उभं असतं ते मी सांगायला नको. खेड्यात तर रुंदीकरण म्हणजे शेतकऱ्याची बांधाकडची जमीन, रस्त्याकडेची कडुलिंबाची झाडं, आणि बदल्यात वाढलेला वेग. दहा मीटरच्या रस्त्यावर हायवा चाळीसऐवजी ऐंशीने येईल. पोरीला पळायला अर्धा वेळ मिळेल. लांबच्या वाहतुकीसाठी रुंद रस्ते हवेतच, आणि ते झालेही आहेत. जालन्यावरून समृद्धी महामार्ग गेला, जून २०२५ मधे तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तिथे सायकल नेता येत नाही, मोटारसायकलही नाही. मी त्याबद्दल एका शब्दाने तक्रार करत नाही. वेगवान गाड्यांसाठी एक रस्ता राखून ठेवणं सगळ्यांना पटलं. मग हळू चालणाऱ्यांसाठी दुसरा राखून ठेवा म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या का पडतात?

तीन: "हे विकासविरोधी आहे." मुलगी शाळेत पोचणं हा विकास नसेल तर मला तो शब्द नव्याने शिकवा.

चार, आणि हा खरा अवघड: "बंदी घातली तरी पाळणार कोण? वाळूवाले काय कागद बघून थांबतात?" नाही थांबत. चोरटी वाळू आजही बेकायदेशीरच आहे आणि ती चालते. पण कागद असला की दोन गोष्टी होतात. गावातल्या माणसाला सकाळी दहा वाजता हायवासमोर उभं राहून "या वेळेला इथून जायचं नाही" असं म्हणायला आधार मिळतो. आणि पोलीस ठाण्यात तक्रार करताना वाळूचं पूर्ण राजकारण अंगावर घ्यावं लागत नाही, फक्त वेळ आणि गाडी नंबर सांगायचा. यातून सगळं थांबेल असा माझा दावा नाही. पण काकांनी सायकल पडवीतून बाहेर काढावी इतपत फरक पडला तरी खूप झालं.

तर आता तुमच्याकडून काय हवंय. देणगी नको. आदर्श गाव वगैरे नको.

हिंजवडीत माझ्या आजूबाजूला बसणाऱ्यांत बीडचे आहेत, लातूरचे आहेत, वाशीमचे, बुलढाण्याचे आहेत. प्रत्येकाच्या गावाला असा एक ३.७५ मीटरचा रस्ता आहे आणि त्यावर सकाळी पोरी सायकलने जातात. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सकाळी साडेनऊ ते साडेदहा त्या रस्त्याच्या कडेला बसा आणि मोजा. सायकली किती, मोटारसायकली किती, हायवा किती. आठवडाभर घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा. आपण ऑफिसात कसल्या कसल्या गोष्टींचे डॅशबोर्ड बनवतो, एक पान याचं बनवा. ते ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव घ्या, आणि ठरावासोबत कलम ११५ खालचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. आमच्या गावाचं मोजमाप मी दिवाळीत सुरू केलंय. दोन वह्या भरल्यात आणि अर्जाचा मसुदा तयार आहे. कोणाला हवा असेल तर नाव-गाव बदलून खुशाल वापरा.

ज्यांना गावच नाही, पिढ्यान् पिढ्या पुण्या-मुंबईत आहेत, त्यांनी सायकल घेऊन या. गाडीच्या रॅकवर नाही. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने सायकल लगेजमधे बुक करून जालन्याला उतरा, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून या. दोन दिवस काढा. भोकरदनवरून आत शिरा, पारध, जाळीचा देव, अन्वा करत अजिंठ्याच्या कड्यापर्यंत जा. आमच्याकडे राहा, ठेचा-भाकरी मिळेल, मिरचीच्या गावातला ठेचा आहे, सांभाळून खा. आणि वाटेत ज्या गावात चहा प्याल तिथे सरपंचाला, गुरुजींना विचारा, शाळेच्या वेळेला या रस्त्याने हायवा जातो का? बाहेरून आलेल्या चार हेल्मेटवाल्यांनी विचारलं की त्या प्रश्नाला उगाचच वजन येतं. अन्यायकारक आहे, पण आहे. ते वजन या कामाला लावा.

असो. फार झालं. गुरुवारी पुन्हा मेसेज येईलच. यावेळी मी रूट सांगणार आहे, पण सोबत अर्जाची प्रत जोडून. सही केल्याशिवाय नकाशा मिळणार नाही.